एकाच नावाचे दोन क्रिस्टियान : बर्नच्या जुन्या चर्च-वह्यांतून एक घराणं शोधताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण ओहायोतल्या एका कुटुंबाचं आहे. माझी नाशिकची एक मैत्रीण तिकडे लग्न करून गेली, तिच्या सासूबाईंना आपण इथे रूथबाई म्हणूया, निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. नातवंडांना आईकडची नावं त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून पार मागच्या पिढ्यांपर्यंत मिळाली, आणि आजीकडची साखळी मात्र आजीच्या पणजोबांपाशी येऊन थांबत होती. रूथबाईंना ते फार लागलं. मी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला राहते, इथल्या जुन्या नोंदी वाचायची मला आवड आहे, म्हणून मैत्रिणीने मला विचारलं आणि तिथून हे सुरू झालं. त्यांच्या परवानगीने लिहितेय, पण आडनाव, गावाची नावं आणि नेमक्या तारखा मुद्दाम गाळल्यात, माणसांची नावंसुद्धा बदललेली आहेत.

घरात माहिती होती ती एवढी. पणजोबांचं नाव क्रिस्टियान. जन्म १८२०च्या दशकातला, "बर्न"चे, १८५०च्या आसपास अमेरिकेत आले, ईशान्य ओहायोत शेती केली. कबरीवरचा दगड जर्मनमध्ये, त्यावर मृत्यूची तारीख आणि वय किती वर्षं-महिने-दिवस ते कोरलेलं. एक जाडजूड जर्मन बायबल, त्यात पुढच्या कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म लिहिलेले. आणि एक घरात चालत आलेली गोष्ट की आपण टॉयफर लोक, म्हणजे लहान बाळाचा बाप्तिस्मा न मानणारे, त्यासाठी सरकारने छळलं म्हणून आपले पूर्वज पळून आले.

ही गोष्ट अगदीच हवेतली नव्हती हे आधी सांगते. बर्नच्या राज्यात टॉयफरांना खरोखर छळलंय. एमेंटाल या तिथल्या डोंगराळ भागात ट्राखसेलवाल्डच्या किल्ल्यात त्यांना डांबून ठेवायचे, १६७१ मध्ये शेकडो लोक देश सोडून ऱ्हाइनच्या खाली जर्मनीतल्या पॅलेटिनेट भागात गेले, १७११ मध्ये सरकारने होड्यांत बसवून नेदरलँड्सकडे धाडले. अमिश पंथ १६९३च्या फुटीतून निघाला तोही याच लोकांमधून. त्यामुळे ओहायोत राहणाऱ्या, एमेंटालचं आडनाव असलेल्या घरात ही गोष्ट असणं साहजिक आहे. प्रश्न एवढाच होता की ती या घराची आहे का.

अडचण नेमकी काय होती

पहिली अडचण "बर्न" या शब्दातच होती. कुटुंबातल्या दोघातिघांनी आधी बर्न शहराच्या नोंदी चाळल्या होत्या आणि काहीच सापडलं नव्हतं. अमेरिकेतल्या जनगणनेत किंवा कबरीवर बर्न लिहिलं असलं तर बहुतेक वेळा ते कॅन्टन असतं, म्हणजे अख्खं राज्य, ज्यात शेकडो गावं आहेत.

दुसरी अडचण हाइमाटओर्टची. स्विस माणसाच्या कागदावर जन्मगावाऐवजी हे मूळ नागरिकत्वाचं गाव लिहिलेलं असतं, आजच्या पासपोर्टवरही तेच असतं. आपल्याकडे चिपळूणकरांचं घर चार पिढ्या पुण्यात असतं आणि चिपळूणला कोणी गेलेलंही नसतं, तसंच साधारण, फक्त तिथे त्याला कायद्याचं वजन होतं. बाप जिथला नागरिक तिथलाच मुलगा, मग तो जन्माला कुठेही येवो. आणि माणूस कंगाल झाला, मुलं पोरकी झाली तर त्यांना पोसायची जबाबदारी त्या हाइमाटओर्टची, राहत्या गावाची नाही. म्हणून तर ती गावं आपले नागरिक कोण आणि कुठे आहेत याची इतकी काटेकोर नोंद ठेवायची, पोसायला कोण येऊ शकतो हे त्यांना माहीत हवं होतं. आज शोधणाऱ्याला त्याचा फायदा होतो.

तिसरी आणि खरी अडचण म्हणजे इंटरनेटवरच्या वंशावळी. रूथबाईंच्या लांबच्या नातेवाइकांनी आधीच एक क्रिस्टियान शोधून जोडून टाकला होता, आडनाव बरोबर, कॅन्टन बरोबर, जन्माचं वर्षसुद्धा कबरीशी जुळत होतं. त्याच्या वरची पाच-सहा पिढ्यांची साखळीही तयार होती. एकाने जोडलं की दुसरा तिथून उचलतो, आणि मग दहा ठिकाणी दिसतंय म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं. पण कुठेही हा क्रिस्टियान आणि ओहायोचा क्रिस्टियान एकच माणूस आहे याचा पुरावा नव्हता. कोणी विचारलाच नव्हता तो.

त्यात एमेंटालमध्ये नावं मोजकीच. हान्स, क्रिस्टियान, उलरिख, पेटर, निकलाउस. बायकांत आना, एल्सबेथ, बार्बरा, माग्दालेना, वेरेना. एकाच आडनावाच्या चार चुलत घरांत चार क्रिस्टियान एकाच दशकात असणं यात काहीच विशेष नाही. शिवाय मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत, म्हणजे एकाच आईबापाचे दोन क्रिस्टियान पण सापडतात.

काय काय पर्याय होते

सगळं काम एखाद्या व्यावसायिक संशोधकाकडे सोपवायचं हा पहिला पर्याय. इथे तशी माणसं आहेत आणि चांगली आहेत, पण गाव माहीत नसताना त्यांना काम दिलं तर पैसे गाव शोधण्यातच जातात, आणि तो भाग ओहायोत बसून जास्त चांगला होतो.

दुसरा डीएनए टेस्टचा. मैत्रिणीच्या नवऱ्याला हा फार आवडला होता. पण एमेंटालच्या दऱ्याखोऱ्यांत पिढ्यानपिढ्या आजूबाजूच्याच घरांत लग्नं झालीत, एकाच नावाचे दोन उमेदवार चुलत घराण्यातले निघाले तर लांबच्या नात्याचा मॅच दोघांकडेही बोट दाखवणार. प्रश्न "हे घराणं का" असा असता तर डीएनए कामाचं होतं, आपला प्रश्न "एकाच नावाच्या माणसांतला कोण" असा होता.

तिसरा पर्याय, इंटरनेटवरची साखळी मान्य करून पुढे जायचं. रूथबाईंचं वय बघता कुटुंबातल्या काहींना हेच बरं वाटत होतं, निदान त्यांना काहीतरी हातात देता येईल. मला ते पटलं नाही आणि रूथबाईंनाही नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचा आजोबा मला आजोबा म्हणून नकोय." मग विषयच संपला.

चौथा पर्याय म्हणजे आपणच करायचं, आधी अमेरिकेकडचे सगळे कागद उपसायचे, गाव ठरवायचं, मग बर्नच्या वह्या. बर्नची एक मोठी सोय आहे, कॅन्टनमधल्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चच्या १८७५ पर्यंतच्या वह्या राज्याच्या अभिलेखागाराने स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यात, घरबसल्या फुकट बघता येतात. १ जानेवारी १८७६ पासून अख्ख्या देशात नोंदी सरकारी झाल्या आणि त्यानंतरच्यांना खासगीपणाचे नियम लागतात, परवानगी वगैरे. आपल्याला त्याआधीचंच हवं होतं. हाच मार्ग घेतला, आणि एका ठिकाणी, जिथे खरंच गरज होती तिथे, पैसे देऊन मदत घेतली, ते पुढे येईल.

काय केलं

ओहायोकडचं काम रूथबाईंनी स्वतः केलं आणि फार नेटाने केलं. तिथल्या जर्मन रिफॉर्म्ड चर्चची जुनी वही स्थानिक ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर होती, त्यात क्रिस्टियानच्या मुलांचे बाप्तिस्मे सापडले आणि प्रत्येकाचे साक्षीदार, म्हणजे गॉडपेरेंट्स. त्यात एक उलरिख आणि एक माग्दालेना परत परत येत होते, दोघांचं आडनाव क्रिस्टियानचंच. म्हणजे भाऊ-बहीण असायची दाट शक्यता. मग या उलरिखचा पाठलाग केला, कारण क्रिस्टियानच्या मृत्यूच्या नोंदीत फक्त "कॅन्टन बर्न" होतं, पण उलरिखच्या नोंदीत पाद्रीबुवांनी गावाचं नाव लिहिलं होतं. असं नेहमी बघायचं, आपल्या माणसाच्या कागदावर गाव नसेल तर त्याच्या भावाच्या, बहिणीच्या, शेजाऱ्याच्या कागदावर असतं. लोक एकटे कमी जायचे, एका खोऱ्यातले मिळून जायचे.

इकडे मी आडनावाकडून निघाले. स्विस आडनावांचा एक छापील कोश आहे, आता ऑनलाइनही आहे, त्यात १९६२ साली कुठल्या गावात कुठल्या आडनावाची नागरिक घराणी होती आणि कधीपासून ते दिलेलं आहे. १८०० च्या आधीपासूनची घराणी वेगळी खूण करून दाखवलेली असतात. आपलं आडनाव एमेंटालमधल्या काही मोजक्या गावांत जुनं होतं, आणि उलरिखच्या नोंदीतलं गाव मात्र त्यात नव्हतंच! पहिल्यांदा वाटतं की नोंद चुकली. पण हाइमाटओर्टचा हिशोब लक्षात घेतला तर उलगडा होतो, उलरिख जन्मला ते गाव वेगळं, त्याच्या घराण्याचं नागरिकत्व वेगळ्या गावचं. दोन्ही गावं शेजारशेजारच्या खोऱ्यांत होती.

हा पहिला निर्णयाचा टप्पा. इंटरनेटवरची सगळी मंडळी हाइमाटओर्टच्या वहीत गेली होती, कारण आडनाव तिथलं. आम्ही ठरवलं की दोन्ही पॅरिशच्या, म्हणजे दोन्ही गावांच्या चर्चच्या, वह्या पूर्ण वाचायच्या, फक्त १८२०चं दशक नाही तर आधीची वीस आणि नंतरची पन्नास वर्षं, आणि त्या आडनावाची प्रत्येक नोंद वेगळी लिहून काढायची. कंटाळवाणं काम आहे. पण एकाच नावाच्या माणसांत निवड करायची तर सगळे समोर असायला हवेत.

वहीतलं अक्षर कुरेंट, जुनी जर्मन लपेटी. मी पूर्वी मोडी शिकले होते तेव्हाची सवय इथे कामाला आली, एका लेखनिकाची आधी ओळखीची नावं शोधायची, त्यावरून त्याची अक्षरं वेगळ्या कागदावर काढून घ्यायची आणि मग अनोळखी शब्दांकडे जायचं. पाद्री बदलला की नवा कागद. महिन्यांची नावं पण लिहून ठेवावी लागतात, ७बर म्हणजे सप्टेंबर, ८बर ऑक्टोबर (जुन्या रोमन गणनेतले सातवा, आठवा), फेब्रुवारीला हॉर्नुंग, जुलैला हॉयमोनाट. ७बर पाहून कोणी जुलै लिहिला की पुढचं सगळं घसरतं.

बाप्तिस्म्याच्या वहीला टाउफरोडेल म्हणतात. बर्नमध्ये रिफॉर्मेशन (प्रोटेस्टंट धर्मसुधारणा) १५२८ ला झालं आणि तेव्हाच बाप्तिस्मा आणि लग्न लिहून ठेवायचा हुकूम निघाला, झुरिकमध्ये तर १५२६ पासून. प्रत्यक्षात टिकलेल्या वह्या बहुतेक गावांत त्यानंतरच्या आहेत. मृत्यूच्या वह्या खूप उशिरा, बऱ्याच ठिकाणी १८व्या शतकात सुरू होतात. नोंदीत मूल, आईबाप आणि तीन साक्षीदार, मुलगा असेल तर दोन पुरुष एक बाई, मुलगी असेल तर उलटं. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतरही बाईची नोंद माहेरच्या नावासकट होते, त्यामुळे एकाच नावाचे दोन बाप असले तरी बायकांवरून घरं वेगळी काढता येतात. बऱ्याच नोंदींत वाडीचं किंवा फार्मचं नावही असतं, एमेंटालमध्ये घरं एकत्र गावठाणात नाहीत, डोंगरउतारांवर सुटी सुटी आहेत.

तर या सगळ्यातून तीन क्रिस्टियान हाताला लागले.

पहिला, इंटरनेटवरचा. हाइमाटओर्टच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, वर्ष कबरीच्या हिशोबाशी जुळणारं, दिवस-महिना अजिबात न जुळणारा.

दुसरा शेजारच्या खोऱ्यातला. बाप तिथे हिंटरसेस म्हणून राहत होता, म्हणजे नागरिक नसलेला रहिवासी, आणि नोंदीत त्याचं हाइमाटओर्ट स्पष्ट लिहिलेलं. याचं वर्ष कबरीपेक्षा दोनने वेगळं, पण वय-महिने-दिवस मागे मोजले की दिवस आणि महिना बरोबर जुळत होते.

तिसरा याचाच थोरला भाऊ, पहिल्या वाढदिवसाच्या आत गेलेला, टोटेनरोडेलमध्ये, म्हणजे मृत्यूच्या वहीत, त्याची नोंद मिळाली. त्याचंच नाव धाकट्याला दिलं होतं.

इथे मोठा निर्णयाचा टप्पा आला आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा हाच गाभा आहे. दुसरा क्रिस्टियान पाहिल्याबरोबर मैत्रीण म्हणाली झालं, सापडला! त्याला उलरिख नावाचा भाऊ होता, माग्दालेना नावाची बहीण होती, दिवस-महिना जुळत होता. जुन्या काळी माणसाला आपला वाढदिवस नक्की माहीत असायचा पण साल पुढेमागे व्हायचं, हेही माहीत आहे. मोह खूप होता. पण उलरिख आणि माग्दालेना ही एमेंटालमधली इतकी सामान्य नावं आहेत की पहिल्या क्रिस्टियानच्या चुलतघरातही ती होतीच. आपल्याला आवडलेल्या उमेदवाराच्या बाजूचे पुरावे गोळा करत गेलो तर ते मिळतच जातात, इंटरनेटवाल्यांनाही तसेच मिळाले होते. म्हणून आम्ही उलटं केलं, नको असलेल्या क्रिस्टियानचं पुढे काय झालं ते शोधायला घेतलं.

पहिल्या क्रिस्टियानचं आयुष्य वह्यांमधून पुढे पुढे नेलं. १८५०च्या दशकात त्याच हाइमाटओर्टच्या एहेरोडेलमध्ये, म्हणजे लग्नाच्या वहीत, त्याचं लग्न सापडलं, आईबापांच्या नावासकट, त्यामुळे माणूस तोच यात शंका नाही. त्यानंतर त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे तिथेच, एकामागून एक. आणि १८७० नंतर मृत्यूची नोंद, तिथेच. ज्या वर्षांत ओहायोचा क्रिस्टियान तिकडच्या जनगणनेत बायकोमुलांसह नोंदला गेलाय त्याच वर्षांत हा इकडे बायकोमुलांसह राहत होता. म्हणजे इतकी वर्षं इंटरनेटवर रूथबाईंचे पणजोबा म्हणून फिरत असलेला माणूस एमेंटाल सोडून कधी गेलाच नव्हता.

आता दुसऱ्याच्या बाजूने पक्कं काहीतरी हवं होतं. हाइमाटओर्टच्या नागरिकांची कुटुंबवार वही असते, बुर्गररोडेल, त्यात बाहेरगावी राहणाऱ्या नागरिकांचीही नोंद होते. पत्र लिहून त्या कुटुंबाच्या पानाची मागणी केली, काय हवंय, कशासाठी हवंय, नातं काय हे सगळं नीट लिहून आणि रूथबाईंच्या सहीने. उत्तर यायला वेळ लागला पण आलं, आणि त्या पानावर क्रिस्टियान आणि उलरिख दोघांच्या नावापुढे अमेरिकेत असल्याचा शेरा होता. माग्दालेनाच्या पुढे तिच्या लग्नाची नोंद, नवऱ्याच्या आडनावासकट, आणि तेच आडनाव ओहायोच्या चर्च-वहीत क्रिस्टियानच्या शेजाऱ्याचं म्हणून आलेलं होतं. इथे मात्र मी मैत्रिणीला म्हटलं, हो, सापडला.

मग वरच्या पिढ्या. क्रिस्टियानचा बाप, मग आजोबा, आणि आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत अनौरस असा शेरा. बापाचं नाव लिहिलेलं, आईचंही, पण दोघांचं लग्न नाही.

हा वेगळ्या प्रकारचा निर्णय होता. रूथबाई चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्या, त्या पिढीतल्या. मैत्रिणीचं मत होतं की ही पिढी नुसती नावानिशी द्यावी, शेरा कशाला सांगायचा. मला वाटलं हा निर्णय आपला नाहीच, त्यांचा आहे, पूर्वज त्यांचे आहेत. म्हणून त्यांना काय आहे ते न सांगता एवढंच विचारलं की एका पिढीत जरा अवघड माहिती आहे, ती हवी का, आणि हवी तर किती. त्यांनी सांगितलं, सगळी.

अशा प्रकरणांचा तपास तेव्हा गावचं चर्च-कोर्ट करायचं, कोरगेरिख्ट, गावातले मानकरी आणि पाद्री बसायचे, भांडण, दारू, नाच, रविवारी कामाला जाणं, लग्नाआधीचं गरोदरपण सगळं त्यांच्यापुढे यायचं आणि त्याची लांबलचक हकीकत लिहून ठेवली जायची. टाउफरोडेल साचेबंद असतो, ठरलेल्या जागी ठरलेला शब्द, तो सरावाने वाचता येतो. कोर्टाच्या हकिकती म्हणजे बोलीभाषेतल्या साक्षी, घाईत लिहिलेल्या. यासाठी आम्ही व्यावसायिक माणूस घेतला आणि त्याला अगदी नेमकं काम दिलं, हे गाव, हे वर्ष, ही आई, हा बाप, एवढी नोंद वाचून लिप्यंतर करून द्या. काम इतकं आवळून दिल्यामुळे खर्चही आवाक्यात राहिला.

हकीकत अशी निघाली की ती मुलगी एका फार्मवर कामाला होती, तोही तिथेच गडी. तिची कोर्टासमोर चौकशी झाली, तिने त्याचं नाव घेतलं, त्याने आधी नाकारलं, मग कबूल केलं. कोर्टाने मूल बापाच्या नावावर लावलं आणि त्यामुळे मुलाला त्याचं आडनाव आणि हाइमाटओर्ट मिळालं. रूथबाईंच्या घराण्याचं आडनाव तिथून खाली आलंय. त्या मुलीचं पुढे काय झालं हेही रूथबाईंनी विचारलं, ती दुसऱ्या एकाशी लग्न करून राहिली, तिला पुढे मुलं झाली, हे टाउफरोडेलमध्ये मिळालं. हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं आणि वंशावळीच्या कागदावर त्या मुलीचं नाव ठळक लिहायला त्यांनीच सांगितलं.

त्याही वर जात राहिलो. १७०१ च्या आधीच्या तारखांना जपावं लागतं कारण बर्न, झुरिकसारख्या प्रोटेस्टंट कॅन्टनांनी ग्रेगोरियन कॅलेंडर तेव्हा घेतलं, ३१ डिसेंबर १७०० नंतरचा दिवस थेट १२ जानेवारी १७०१. शेजारच्या ल्युसर्नसारख्या कॅथलिक भागात ते १५८४ मध्येच आलं होतं, त्यामुळे शंभरहून जास्त वर्षं दोन खोऱ्यांत दोन तारखा चालू होत्या. शेवटी १७व्या शतकाच्या उत्तरार्धात एका जोडप्यापाशी थांबलो. त्यांच्या मुलांपैकी काहींचे बाप्तिस्मे आहेत, मध्ये मोठी गॅप आहे, आणि लग्नाची नोंद दोन्ही पॅरिशमध्ये नाही.

निकाल

रूथबाईंच्या हातात आता क्रिस्टियानच्या वरची पक्की साखळी आहे, प्रत्येक पिढीला निदान दोन स्वतंत्र नोंदींचा आधार, आणि शेवटच्या जोडप्यापुढे "बहुधा" असं स्वच्छ लिहिलेलं.

टॉयफरांच्या गोष्टीचं काय, तर क्रिस्टियानचा बाळपणीच बाप्तिस्मा झालाय, त्याच्या बापाचाही, आजोबांचाही, आणि ओहायोतही तो रिफॉर्म्ड चर्चमध्येच होता. म्हणजे धर्मासाठी पळून आलेला माणूस हा नव्हे. तो का गेला याचं उत्तर वह्यांमध्ये दुसरीकडे आहे. एमेंटालमध्ये फार्म धाकट्या मुलाला जायची पद्धत होती, थोरल्यांनी बाहेर पडून दुसऱ्याकडे राबायचं किंवा खंडाने जमीन करायची. क्रिस्टियानचा आजोबा तर अनौरस, त्याला जमिनीचा प्रश्नच नव्हता. म्हणून हे घर पिढ्यानपिढ्या हिंटरसेस, आज या उतारावर तर उद्या त्या. त्यात १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, गरिबांचं मुख्य अन्नच ते. गरीब नागरिकांना आयुष्यभर पोसण्यापेक्षा एकदाच जहाजाचं भाडं देऊन अमेरिकेला पाठवणं स्वस्त, असा हिशोब त्या काळात बऱ्याच स्विस गावांनी केला. या दोघा भावांना गावाने पैसे दिले का याचा कागद मिळालेला नाही, म्हणून ते वंशावळीच्या टिपणात लिहिलेलं नाही.

रूथबाईंना ही गोष्ट जुनीपेक्षा जवळची वाटली असं त्या म्हणाल्या. घरातल्या सगळ्यांना नाही वाटली. त्यांच्या एका पुतण्याला छळातून निसटलेले पूर्वज हवे होते, भूमिहीन गड्याचा नातू नको होता, आणि त्याने त्याची ऑनलाइन वंशावळ अजून बदललेली नाही. आम्ही पहिल्या क्रिस्टियानच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदींचे संदर्भ त्याला आणि बाकीच्यांना पाठवले, काहींनी दुरुस्ती केली. पहिल्या क्रिस्टियानचे खरे वंशज कुठेतरी असतीलच, त्यांच्यासाठीसुद्धा ती दुरुस्ती महत्त्वाची आहे असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचा पूर्वज दुसऱ्यांच्या झाडावर टांगलेला आहे.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

सुरुवातीलाच भावंडांकडे जावं. इथे उलरिखच्या नोंदीने जे एका ओळीत सांगितलं ते शोधण्यात कुटुंबाची आधीची कित्येक वर्षं बर्न शहराच्या वह्यांत गेली होती. ओहायोच्या चर्चची वही तेव्हाही ग्रंथालयात होतीच.

बुर्गररोडेलचं पत्र आधी लिहावं. आम्ही ते दोन्ही पॅरिश वाचून झाल्यावर लिहिलं, कारण कुठल्या कुटुंबाचं पान मागायचं हे तेव्हा स्पष्ट झालं. पण उलरिखचं नाव आणि हाइमाटओर्टचा अंदाज हातात आला तेव्हाच, दोन भाऊ अमेरिकेत गेलेलं कुटुंब असं विचारता आलं असतं, आणि उत्तर येईपर्यंत वाचन चालूच राहिलं असतं. मात्र पूर्ण वाचन टाळता आलं असतं असं मला वाटत नाही, पहिल्या क्रिस्टियानला बाद करायला ते लागलंच असतं.

अवघड माहितीबद्दल काम सुरू करण्याआधीच बोलून घ्यावं. अनौरस जन्म, आत्महत्या, दुसऱ्यांच्या फार्मवर राबायला दिलेली पोरकी मुलं, हे १८व्या-१९व्या शतकातल्या गरीब स्विस घराण्यात येतंच कुठेतरी. आधीच ठरलेलं असलं की मधल्या माणसांना परस्पर लपवायचा मोह होत नाही. इथे मैत्रीण आणि मी यावर दोन दिवस वाद घालत बसलो आणि ज्यांचा प्रश्न होता त्यांना मात्र ते विचारायला फक्त पाच मिनिटं लागली.

आणि प्रत्येक उमेदवारासाठी पहिल्या दिवसापासून वेगळं पान ठेवावं, जन्मापासून मरेपर्यंत, आवडता असो की नसो. एखाद्याचं पान रिकामं राहिलं तर तेही दिसतं, आणि तो माणूस अजून बाद झालेला नाही हे विसरायला होत नाही.

राहिलेलं काम म्हणजे ते १७व्या शतकातलं जोडपं. मुलांच्या बाप्तिस्म्यातली गॅप आणि लग्नाची नोंद नसणं, या दोन्ही गोष्टी टॉयफर घरात दिसतात, कारण ते मुलांना चर्चमध्ये आणायचं टाळत आणि लग्नही आपापसांत लावत. पण वहीची पानं गहाळ असली किंवा लग्न तिसऱ्याच गावात झालं असलं तरीही असंच दिसतं. पुतण्याने लगेच हे उचललं, पण आम्ही तिथे "बहुधा"च ठेवलंय. पुढचा शोध त्या काळच्या कोरगेरिख्टच्या हकिकतींत आहे, चर्चला न येणाऱ्यांची नावं तिथे लिहिली जायची. आजूबाजूच्या तीन पॅरिशचे एहेरोडेल वाचायचेत, त्यातला पहिला मी सुरू केलाय.